नझूलच्या जमिनीवरचा फ्लॅट आणि संपत आलेला पट्टा

अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांमधल्या पुष्कळ इमारती नझूलच्या जमिनीवर उभ्या आहेत. नझूल म्हणजे शहरातली, शेतीची नसलेली सरकारी जमीन. सरकारने ती पूर्वी कोणाला तरी ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिली, बहुधा ३० वर्षांसाठी. त्या माणसाने बंगला बांधला, पुढच्या पिढीने बंगला बिल्डरला दिला, बिल्डरने अपार्टमेंट उभं केलं आणि त्यातला एक फ्लॅट आपण घेतला. जमीन भाड्याने देण्याच्या मूळ कराराला भाडेपट्टा म्हणतात, बोलताना नुसतं पट्टा किंवा लीज. त्याची मुदत संपली की तो पुन्हा करून घ्यावा लागतो. यालाच पट्ट्याचं नूतनीकरण म्हणतात.

बहुतेकांना हे कळतं ते फ्लॅट विकायला काढल्यावर. खरेदीदाराच्या बँकेचा वकील कागद मागतो, पट्टा संपल्याची तारीख बघतो आणि कर्जाची फाईल परत पाठवतो. तोवर त्या घरात राहून पंधरा-वीस वर्षं झालेली असतात, मुलांची लग्नंही त्याच पत्त्यावर झालेली असतात. म्हणून ज्यांना आज काहीच अडचण नाही त्यांनीच हे आधी वाचावं. हे काम घाईत केलं तर महाग पडतं, आणि सवडीने केलं तर सामान्य माणसाच्या आवाक्यातलं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. फ्लॅट घेताना आपण दोन गोष्टी घेतलेल्या असतात. एक म्हणजे चार भिंतींमधली जागा. दुसरी म्हणजे इमारतीखालच्या जमिनीतला अविभाज्य हिस्सा, म्हणजे वेगळा कापून काढता न येणारा, सगळ्यांच्या सामाईक जमिनीतला आपला वाटा. जमीन सरकारची असेल तर हा वाटा मालकीचा नसून पट्ट्याच्या हक्कातला असतो. पट्टाधारकाकडे जेवढा हक्क होता त्याहून जास्त तो बिल्डरला देऊ शकला नाही, आणि बिल्डरही आपल्याला देऊ शकला नाही.

आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, 'रजिस्ट्री झाली ना, मग झालं.' इथे नेमकी गल्लत होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवलं जातं म्हणजे विकणारा आणि आपण या दोघांमधल्या व्यवहाराची नोंद होते. जमिनीच्या मालकाने, म्हणजे सरकारने, त्या व्यवहाराला संमती दिली असा तिचा अर्थ होत नाही. महानगरपालिकेच्या घरटॅक्सच्या पावतीचंही तसंच. ती कर भरल्याचा पुरावा आहे, जमिनीच्या हक्काचा नाही.

हा नझूलचा प्रकार मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना समजावून सांगताना पंचाईत होते, कारण त्याची मुळं वऱ्हाडाच्या वेगळ्या इतिहासात आहेत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १९०२ च्या करारानुसार तर अख्खा वऱ्हाडच वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिला गेला आणि पुढच्या वर्षी तो मध्यप्रांताला जोडला. १९५६ पर्यंत अमरावती आणि अकोल्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे आपल्या जमिनीचा मूळ पट्टा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' सरकारच्या किंवा जुन्या मध्यप्रदेश सरकारच्या नावाने निघालेला असू शकतो, इंग्रजीत किंवा हिंदीत. तो बघून दचकू नये. ती जमीन आणि तो करार आज महाराष्ट्र शासनाकडेच आहे, आणि १९६७ पासून त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू आहे.

आता पहिलं पाऊल. आपल्या जमिनीची आखीव पत्रिका काढा. आखीव पत्रिका म्हणजे नगर भूमापन झालेल्या भागातल्या प्रत्येक प्लॉटचं सरकारी नोंदपत्र. दुसरीकडे याला मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ती भूमि अभिलेख खात्याच्या उपअधीक्षक कार्यालयात मिळते, आणि आता डिजिटल सहीची प्रत ऑनलाइनही निघते. ती काढायला शीट नंबर आणि प्लॉट नंबर लागतो. हे दोन्ही आपल्या खरेदीखताच्या शेवटी, जागेच्या वर्णनात दिलेले असतात.

पत्रिका हातात आली की शांतपणे वाचावी. वर क्षेत्र लिहिलेलं असतं, चौरस मीटरमध्ये. शेजारी सत्ताप्रकार किंवा धारणाधिकार असतो, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे ते. खाली धारकाचं नाव, पट्टेदाराचं नाव आणि त्यानंतर तारीखवार फेरफाराच्या नोंदी, म्हणजे कोणाकडून कोणाकडे हक्क गेला त्याची साखळी. शासनाचं नाव आणि पट्टेदाराची नोंद दिसली तर जमीन नझूलची आहे असं धरून पुढे चालावं. एकाच गल्लीत डावीकडचा प्लॉट खासगी आणि उजवीकडचा नझूलचा असू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

आपली इमारत गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये असेल आणि जमिनीचा सातबारा असेल, तर बहुधा ती शेतजमीन अकृषक करून पाडलेली खासगी जमीन असते. तिला हा लेख लागू नाही. म्हाडाची वसाहत असेल तर पट्टा म्हाडाचा असतो आणि दाद अमरावतीच्या गृहनिर्माण मंडळाकडे मागायची असते. आणि अतिक्रमण नियमित करून गरिबांना जे पट्टेवाटप होतं तो तर निराळाच विषय आहे. त्याचे निकष इथे लावायला गेलं की नुसता गोंधळ होतो.

दुसरं पाऊल म्हणजे मूळ पट्टा शोधणं. हा कागद फ्लॅटधारकांकडे जवळजवळ कधीच नसतो. तो मूळ बंगलेवाल्याच्या घरच्या ट्रंकेत असतो, नाहीतर बिल्डरच्या जुन्या फाईलमध्ये. दोन्हीकडे मिळाला नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत साक्षांकित प्रतीसाठी, म्हणजे सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करावा. तिथे दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्काचा अर्ज करता येतो. ३० दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे. अर्जात 'आमच्या जमिनीची सर्व माहिती द्या' असं मोघम लिहू नये. शीट नंबर, प्लॉट नंबर, मूळ पट्टेदाराचं नाव आणि 'भाडेपट्ट्याची व त्यानंतरच्या नूतनीकरण आदेशांची प्रत' असं नेमकं मागावं.

पट्टा मिळाला की त्यात चार जागी बोट ठेवून वाचायचं. मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे? नूतनीकरणाबद्दल काय लिहिलं आहे? जमीन कशासाठी दिली आहे, राहण्यासाठी की धंद्यासाठी? आणि हस्तांतराची अट काय, म्हणजे विकण्यापूर्वी किंवा गहाण ठेवण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का? या चार उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

तारखेच्या बाबतीत एक चूक हमखास होते. पट्ट्यावर सही १९६० मध्ये झालेली असते, पण मुदत मागच्या एखाद्या वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजलेली असते. सहीची तारीख धरून हिशेब केला की आपली वर्षं चुकतात. मध्ये एकदा नूतनीकरण झालं असेल तर शेवटच्या आदेशातली तारीख खरी. सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत नव्या कागदाच्या मध्ये खंड पडला आहे का, हेही बघावं. तो खंड म्हणजे त्या वर्षांचं थकलेलं भूभाडं, आणि ते पुढे हिशेबात येणारच. भूभाडं म्हणजे जमिनीचं वार्षिक भाडं.

पट्टा आधीच संपलेला असेल तर? जमीन महसूल संहितेच्या कलम ५३ नुसार मुदत संपलेल्या पट्ट्यावर बसून राहणाऱ्याला अनधिकृत ताबेदार ठरवून काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. हे वाचून झोप उडू देऊ नका. निवासी नझूलच्या पट्ट्यांबाबत शासनाचं धोरण वर्षानुवर्षं नूतनीकरण करून देण्याचंच राहिलेलं आहे. पण काहीच न करता बसणं हा धोकाच आहे, कारण प्रत्येक वर्षाचं भाडं आणि त्यावरचं व्याज साठत जातं, आणि मधल्या काळात आपण फ्लॅट विकू शकत नाही, त्यावर कर्ज काढू शकत नाही.

तिसरं पाऊल सर्वांत चिवट आहे. पट्टा कोणाच्या नावावर आहे? सरकार पट्टा पूर्ण प्लॉटचा करून देतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटपुरतं नूतनीकरण असं काही होत नाही. म्हणजे अर्ज पूर्ण प्लॉटचा जायला हवा, आणि तो करणाऱ्याचा हक्क नोंदीवर दिसायला हवा. बऱ्याच इमारतींत आखीव पत्रिकेवर अजून मूळ बंगलेवाल्याचंच नाव असतं, आणि तो जाऊन वीस वर्षं झालेली असतात.

अशा वेळी आधी वारसनोंद करून घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र हे सगळं भूमि अभिलेख कार्यालयात जातं, आणि फेरफार मंजूर झाला की वारसांची नावं पत्रिकेवर चढतात. यात मुलींची नावं गाळण्याची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. एखादी बहीण हक्क सोडायला राजी असेल तर तिच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यायचं. तोंडी 'ताईला काही नको' याला कागदावर किंमत नाही.

अमरावतीत राजापेठेकडच्या एका इमारतीचं हे काम मी जवळून पाहिलं. आठ फ्लॅट, खाली दोन दुकानं. मूळ पट्टेदाराच्या दोन मुलांनी यादी दिली, अर्ज नझूल शाखेतून पुढे सरकला, स्थळपाहणीही झाली. मग यवतमाळला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला शेजारणीकडून ही बातमी लागली. तिने एका पानाची हरकत पाठवली आणि फाईल जागेवर थांबली. तिला जमीन नको होती, पैसेही नको होते. 'बाबांच्या कागदावर माझं नाव का नाही,' एवढंच तिचं म्हणणं होतं. ते रास्तच होतं. नाव चढवलं, तिने स्वतः येऊन सही केली, आणि काम पुढे गेलं. पण त्यात जो वेळ गेला तो आठही घरांचा गेला.

जिथे बिल्डरने नियमाप्रमाणे काम केलं आहे तिथे ही वाट सोपी होते. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० नुसार इमारतीचं घोषणापत्र नोंदवलेलं असतं. विदर्भात बहुतेक अपार्टमेंट याच पद्धतीची आहेत. आपण त्याला डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतो. त्यात प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि फ्लॅटधारकांच्या संघाचे नियमही असतात. हे घोषणापत्र आज काढून बघा. ते झालंच नसेल तर नूतनीकरणाआधी वकिलाकडून तो गुंता सोडवावा लागेल.

आता सगळ्या घरांना एकत्र बसवायचं. बैठकीत तीन ठराव घ्यावेत: नूतनीकरणासाठी अर्ज करायचा, खर्च घोषणापत्रातल्या हिश्श्याप्रमाणे वाटायचा, आणि सह्या करायला, कार्यालयात जायला दोन माणसं नेमायची. दोन यासाठी की एकजण आजारी पडला तर काम थांबू नये. खर्च 'सगळ्यांना सारखा' वाटला की एक खोलीवाला पुढे कुरकुर करतो आणि त्याचं बरोबर असतं. पुण्याला किंवा परदेशी राहणाऱ्या मालकांकडून मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारा कागद, सुरुवातीलाच मागवून ठेवावा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा तिथल्या नियमाप्रमाणे प्रमाणित व्हावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

एक कुटुंब सामील व्हायला तयार नसेल तर भांडू नये. त्यांना लेखी कळवावं, पोच घ्यावी, आणि बाकीच्यांनी काम सुरू करावं. अर्ज पुढे जाऊन रक्कम ठरली की नकार देणारेही बहुधा वळतात, कारण आकडा त्यांनी मनात धरला होता त्याहून बराच लहान निघतो.

इथे एक निवड करायची असते, आणि ती माहीत नसल्यामुळे अनेकजण अर्धंच काम करून येतात. आपण पट्टा पुढच्या मुदतीसाठी वाढवून घेऊ शकतो, किंवा जमीन फ्रीहोल्ड करून घेऊ शकतो. फ्रीहोल्ड म्हणजे भोगवटादार वर्ग-१ होणं. मग दरवर्षीचं भूभाडं नाही, मुदत नाही, विकताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नाही. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल जमिनींसाठी शासनाने मार्च २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली. अभय योजना म्हणजे ठरावीक मुदतीत अर्ज केला तर सवलतीच्या दराने जुनं प्रकरण मिटवण्याची सोय. या योजनेत फ्रीहोल्डसाठीचं अधिमूल्य, म्हणजे एकरकमी भरायची रक्कम, जमिनीच्या बाजारमूल्याच्या २ टक्के ठेवण्यात आली.

माझं मत स्पष्ट आहे. योजना चालू असेल आणि आपली जमीन तिच्यात बसत असेल, तर ३० वर्षांचं नूतनीकरण करून घेण्यापेक्षा फ्रीहोल्ड करून घ्यावं. नूतनीकरणात ज्या चकरा मारायच्या त्याच इथेही मारायच्या असतात, आणि हे काम पुन्हा आपल्या मुलांच्या माथी येत नाही. अशा योजनांना मुदत असते, मुदतवाढही मिळते. म्हणून नझूल शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा, 'आजच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू आहे?' त्याची प्रत मागून घ्यायची. महसूल व वन विभागाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरही मिळतात. मुंबई-पुण्याच्या बातम्यांमध्ये भाडेपट्ट्याचे जे दर छापून येतात ते वेगळ्या नियमांखालचे असू शकतात. आपल्याला हवा तो नागपूर व अमरावती विभागांतल्या नझूलसाठीचा निर्णय.

आता रकमेचा अंदाज. बाजारमूल्य म्हणजे दलालाने सांगितलेला भाव नव्हे. ते शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून ठरतं. आपण त्याला रेडी रेकनर म्हणतो. या तक्त्यात प्रत्येक विभागासाठी अनेक रकाने असतात: खुली जमीन, निवासी सदनिका, दुकानं, कार्यालयं. आपल्याला लागतो तो खुल्या जमिनीचा दर. सदनिकेच्या रकान्यातला दर धरून हिशेब केला की आकडा फुगतो आणि बैठकीत घबराट होते. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दुसरी चूक मापाची. जुन्या पट्ट्यात क्षेत्र चौरस फुटांत असतं आणि तक्ता चौरस मीटरमध्ये. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा, प्लॉट ३,२०० चौरस फुटांचा आहे. तो झाला सुमारे २९७.२९ चौरस मीटर. समजा, तक्त्यात खुल्या जमिनीचा दर चौरस मीटरला १०,००० रुपये आहे. बाजारमूल्य झालं २९ लाख ७२ हजार ९०० रुपये. त्याचे २ टक्के म्हणजे ५९,४५८ रुपये. घोषणापत्रात आपला हिस्सा ११ टक्के असेल तर आपल्या वाट्याला येतात सुमारे ६,५४० रुपये. यात थकलेलं भूभाडं, व्याज, दंड असेल तर तो, आणि कागदपत्रांचा खर्च धरलेला नाही. तरीही ज्या भीतीने माणसं वर्षानुवर्षं हा विषय टाळतात तिच्यापुढे हा आकडा किती लहान आहे ते बघा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सोबत आखीव पत्रिका, मूळ पट्टा, आधीचे नूतनीकरण आदेश, भूभाड्याच्या पावत्या, मंजूर नकाशा, घोषणापत्र, सर्व फ्लॅटधारकांची खरेदीखतं, बैठकीचा ठराव, महानगरपालिकेचा चालू कर भरल्याची पावती. प्रत्येक पानावर क्रमांक टाकावा आणि वर अनुक्रमणिका लावावी. पोच म्हणून आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पुढे हाच क्रमांक सांगितल्यावर फाईल सापडते.

त्यानंतर फाईल फिरते. भूमि अभिलेखकडून क्षेत्र आणि हद्दीचा अहवाल येतो, गरज पडली तर मोजणी होते. नगररचना विभाग दर आणि आरक्षण बघतो. प्लॉटचा काही भाग विकास आराखड्यातल्या रस्त्यात जात असेल तर ते इथे उघड होतं. महसूलचे लोक स्थळपाहणीला येतात आणि पंचनामा करतात. त्या दिवशी नेमलेल्या दोघांपैकी एकाने घरी थांबावंच. पंचनाम्यात काय लिहिलं ते सही करण्यापूर्वी वाचावं. खाली दुकान आहे तर 'दुकान' असं लिहू द्यावं. लपवलं तर पुढे तेच अंगाशी येतं.

आता शर्तभंग, म्हणजे पट्ट्यातली अट मोडणं. बहुतेक इमारतींत ते दोन ठिकाणी आढळतं. परवानगीशिवाय झालेली विक्री आणि राहण्याच्या जमिनीवर चालणारा धंदा. मूळ पट्टेदार ते बिल्डर, बिल्डर ते पहिला ग्राहक, पहिला ग्राहक ते आपण, अशी साखळी असते आणि तिच्यातल्या प्रत्येक विक्रीला परवानगी होती का, ते तपासलं जातं. नसेल तर त्या विक्रीतून झालेल्या वाढीव किमतीत सरकारचा वाटा, म्हणजे अनर्जित रक्कम, किंवा दंड मागितला जाऊ शकतो. लागू असलेल्या शासन निर्णयात यासाठी काय सवलत आहे ते आधी वाचून ठेवावं. साखळीतल्या सगळ्या खरेदीखतांच्या इंडेक्स टूच्या प्रती, म्हणजे नोंदणी झाल्याचा सारांश, तारखेच्या क्रमाने लावून स्वतःहून द्याव्यात. अधिकाऱ्याला कोडं उलगडावं लागलं तर तो शंकेने बघतो, आणि सगळं समोर असेल तर हिशेब लवकर होतो.

दुकानांचा हिस्सा वेगळा काढून बघितला जाऊ शकतो आणि त्याला निवासी दर मिळेलच असं नाही. दुकानदारांनी आपला जादा भार आपणच उचलावा हे बैठकीतच लिहून घ्यावं, नाहीतर वरच्या मजल्यांना खालच्या मजल्याचे पैसे भरावे लागतात.

सगळे अहवाल आले की मागणीपत्र येतं. त्यात रक्कम आणि भरण्याची मुदत असते. आपला अंदाज आणि त्यातला आकडा शेजारी ठेवून तपासा: क्षेत्र बरोबर आहे ना, दराचा रकाना बरोबर आहे ना, थकबाकीची वर्षं बरोबर आहेत ना, पूर्वी भरलेल्या पावत्या वजा केल्या आहेत ना. तफावत दिसली तर मुदत संपण्याआधी लेखी कळवा. बरोबर असेल तर रक्कम शासनाच्या ग्रास प्रणालीवरून चलानाने भरता येते. पैसे कधीही कोणाच्या हातात, 'मी भरून देतो' म्हणणाऱ्याच्या खिशात देऊ नयेत. चलानाची प्रत इमारतीतल्या सगळ्या घरांत असावी.

अर्ज फेटाळला किंवा आकारणी चुकीची वाटली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशासाठी मुदत ९० दिवसांची आहे, आणि त्यांच्याखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशासाठी ६० दिवसांची. अकोल्याच्या लोकांना त्यासाठी अमरावतीला यावं लागतं. आदेशाची साक्षांकित प्रत मागताना अर्जाची तारीख जपून ठेवा, मुदत मोजताना तिचा उपयोग होतो.

पैसे भरले आणि आदेश निघाला की पुष्कळजण पेढे वाटून मोकळे होतात. पण दोन कामं राहिलेली असतात. नूतनीकरण असेल तर नवा भाडेपट्टा मुद्रांकावर करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवल्याशिवाय पक्का होत नाही. मुद्रांक शुल्क किती, ते आदेशाची प्रत दाखवून आधी विचारून घ्यावं. फ्रीहोल्ड असेल तर आदेशाप्रमाणे सत्ताप्रकार बदलण्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

त्यानंतर महिन्याभराने पुन्हा आखीव पत्रिका काढा आणि पहिल्या प्रतीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. नवी मुदत किंवा वर्ग-१ ची नोंद, आदेशाचा क्रमांक, तारीख, क्षेत्र, नावं. नावात काना-मात्रेची चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. फाईल ताजी असेपर्यंत ती चूक एका अर्जात सुटते, नंतर तिच्यासाठी पुन्हा सगळे कागद जमवावे लागतात. नूतनीकरण घेतलं असेल तर दरवर्षी भूभाडं भरायचं काम इमारतीच्या देखभालीच्या खर्चात धरा आणि पावती संघाच्या फाईलला लावा. पुढच्या अर्जाच्या वेळी हीच फाईल उघडावी लागेल.